आनुवंशिक चयापचय विकार आणि जनुकातलं म्युटेशन ओळखणारे बायोसेन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कल्याण आणि नवी मुंबईतल्या पॅथॉलॉजी लॅबमधले तंत्रज्ञ, बायोटेकचे विद्यार्थी आणि काही पालक यांच्याकडून वरचेवर येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. सुरुवातीचा मोठा भाग लॅबमध्ये काम करणाऱ्यांसाठी आहे. पालकांनी थेट शेवटच्या काही प्रश्नांकडे जावं.

बायोसेन्सर म्हणजे नेमकं काय? पीसीआर मशीनला बायोसेन्सर म्हणायचं का?

ओळखणारा जैविक घटक आणि त्या ओळखीचं विजेच्या, प्रकाशाच्या किंवा वजनाच्या बदलात रूपांतर करणारा भाग हे दोन्ही एकमेकांना चिकटून असतील तर तो बायोसेन्सर. ग्लुकोमीटरच्या पट्टीवर ओळखणारा घटक एन्झाइम असतो. डीएनए सेन्सरवर तो साधारण १५ ते २५ बेसचा (डीएनएतल्या अक्षरांचा) एकपदरी तुकडा असतो, त्याला प्रोब म्हणतात. पीसीआर मशीन (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवणारं यंत्र) एकटं या व्याख्येत बसत नाही, पण पीसीआरमधून निघालेला माल पुढे सेन्सरवर जातो. त्यामुळे दोघांचा संबंध रोजचा आहे.

एन्झाइम इलेक्ट्रोडची कल्पना क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडली. त्याच सुमारास रॉबर्ट गथ्री यांनी जिवाणूंची वाढ बघून बाळाच्या रक्तातलं फेनिलअॅलनिन मोजायची चाचणी काढली. चयापचय विकारांच्या नवजात तपासणीचा पाया जिवंत पेशींना मोजपट्टी म्हणून वापरण्यातूनच घातला गेला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

सीक्वेन्सिंग उपलब्ध असताना हे कशाला?

सीक्वेन्सिंग विचारतं, ‘या जनुकात कुठे काय बदललं आहे?’ सेन्सर विचारतो, ‘ठरावीक जागचं हे एक अक्षर बदललं आहे का?’ फेनिलकीटोनुरियाच्या (रक्तात फेनिलअॅलनिन साचण्याचा विकार) पीएएच जनुकात हजाराहून अधिक बदल नोंदले गेले आहेत. विल्सन विकाराच्या (शरीरात तांबं साचण्याचा विकार) एटीपी७बी जनुकातही शेकडो आहेत. नवीन रुग्णाचं निदान करायला पाच-दहा प्रोबची चिप घेऊन बसलात तर बहुतेक वेळा हाती काहीच लागणार नाही, आणि ‘काही सापडलं नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा लावला जाईल. तो धोका खरा आहे.

सेन्सरची जागा तीन ठिकाणी आहे. पहिली, घरातल्या एका मुलाचं म्युटेशन सीक्वेन्सिंगने कळलेलं आहे आणि आता भावंडं, काका, मावश्या, मामेभावंडं यांच्यात तेवढंच बघायचं आहे. दुसरी, एखाद्या समाजात एकच बदल पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेला आहे. गुजराती कुटुंबांतल्या टे-सॅक्स (मेंदूच्या पेशी खराब करत जाणारा विकार) रुग्णांत एचईएक्सए जनुकातला सी.१३८५ ए>टी हा बदल वारंवार सापडतो. तिसरी, उत्तर तासाभरात हवं आहे आणि मोठी मशीन जवळ नाही. या तिन्हींपैकी कशातच तुमचं काम बसत नसेल तर सीक्वेन्सिंगलाच जा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सेन्सरचे प्रकार किती, आणि नवख्याने कुठून सुरुवात करावी?

विद्युतरासायनिक चिपवरून. पोटेन्शिओस्टॅट (चिपला व्होल्टेज देऊन प्रवाह मोजणारं यंत्र) आता तळहाताएवढा मिळतो, छापील सोन्याच्या पट्ट्या तयार मिळतात, आणि चूक कुठे झाली हे आलेखावरून कळतं. सरफेस प्लाझमॉन रेझोनन्समध्ये साधारण ५० नॅनोमीटर जाडीच्या सोन्याच्या थरावर जोडणी घडताना थेट दिसते. प्रोब कसा वागतो हे शिकायला ते उत्तम, पण रोजच्या चाचणीसाठी महाग. क्वार्ट्झ मायक्रोबॅलन्स वजनातला बदल मोजतो आणि तापमानाला फार हळवा असतो.

ग्राफीन ट्रान्झिस्टर आकर्षक आहेत. त्यांची अडचण मिठाच्या पाण्यात आहे. साध्या पीबीएसमध्ये (मीठ असलेलं फॉस्फेट बफर) विद्युतभाराचा प्रभाव जेमतेम ०.७ ते ०.८ नॅनोमीटरपर्यंत पोचतो, त्यामुळे जोडणी त्याच्या पलीकडे झाली तर ट्रान्झिस्टरला पत्ताच लागत नाही. पीबीएस शंभरपट पातळ केलं की हे अंतर दहापट वाढतं, मात्र मग दोन डीएनए पदर एकमेकांना धरून राहायला लागणारं मीठ उरत नाही. पाठीच्या कण्यावर विद्युतभार नसलेला पीएनए (डीएनएसारखा कृत्रिम रेणू) प्रोब इथे उपयोगी पडतो, कारण त्याला मीठ फारसं लागत नाही.

पीसीआर टाळून रक्तातला डीएनए थेट चिपवर टाकता येईल का?

हिशोब मांडून बघा. मानवी जीनोमच्या एका प्रतीचं वजन सुमारे ३.३ पिकोग्रॅम. म्हणजे १० नॅनोग्रॅम डीएनएमध्ये सुमारे ३,००० प्रती. त्या २० मायक्रोलिटरमध्ये घेतल्या तर हव्या त्या तुकड्याची तीव्रता ०.२५ फेम्टोमोलर भरते. तुमच्या चिपची शोधमर्यादा १ पिकोमोलर असेल, आणि ती काही वाईट चिप नव्हे, तरी नमुना तिच्या चार हजारपट खाली आहे. शिवाय जीनोमचे लांबलचक दुपदरी धागे पृष्ठभागाकडे यायलाच वेळ लावतात. ‘अटोमोलरपर्यंत शोधतो’ असं लिहिलेलं वाचलंत तर तो आकडा बफरमधल्या छोट्या कृत्रिम तुकड्यावर काढला आहे की खऱ्या रक्तावर, हे आधी तपासा.

म्हणून आधी वाढवणं आलंच. पीसीआर सर्वांत भरवशाची. आरपीए (एकाच तापमानावर डीएनए वाढवायची पद्धत) ३७ ते ४२ अंशांवर वीसेक मिनिटांत काम करतं, पण प्रायमरमधली (वाढ जिथून सुरू होते त्या छोट्या तुकड्यातली) एखाददुसरी चूक चालवून घेतं. म्हणून एका अक्षराचा फरक ओळखायची जबाबदारी त्याच्यावर टाकू नका, ती पुढच्या प्रोबवर ठेवा. लॅम्पला (हीही एकाच तापमानावरची पद्धत) ६० ते ६५ अंश लागतात आणि त्यातून इतका माल तयार होतो, की वाढ झालेली एक नळी उघडली तरी टेबलभर कण पसरतात.

प्रोब कसा ठरवायचा? फरक दिसत नाही ही तक्रार इथूनच येते का?

बहुतेकदा इथूनच. एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ, आणि तेही आपल्याच भागातलं. जी६पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमच्या कमतरतेचा ‘कल्याण’ नावाचा प्रकार १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबावरच्या शोधनिबंधात वर्णन केला गेला. पुढे जनुकाच्या पातळीवर तो आणि ‘केरळ’ हा प्रकार एकच निघाला: कोडिंग क्रमातल्या ९४९व्या जागी जी ऐवजी ए, त्यामुळे प्रथिनात ३१७व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन.

सरळ पदर चिपवर आणला असं समजा. निरोगी प्रतीत जी, बदललेल्या प्रतीत ए. निरोगी प्रतीसाठीच्या प्रोबमध्ये समोर सी असेल. हा प्रोब बदललेल्या प्रतीवर बसला तर सी-ए अशी जोडी होते. ती कमजोर असते, प्रोब सुटतो, फरक छान दिसतो. आता बदललेल्या प्रतीसाठीचा प्रोब घ्या. त्यात टी आहे. तो निरोगी प्रतीवर बसला तर टी-जी जोडी होते, आणि ही जोडी चुकीची असूनही बऱ्यापैकी घट्ट धरते. परिणाम असा, की ‘बदललेला’ प्रोब निरोगी माणसाच्या नमुन्यातही सिग्नल देतो, आणि आपण धुण्याचं बफर बदलत बसतो.

उपाय साधा आहे. निरोगी प्रोब सरळ पदरावर बसवा आणि बदललेला प्रोब उलट्या पदरावर. उलट्या पदरात निरोगी प्रतीत सी, बदललेल्यात टी असतो. तिथे बदललेल्या प्रोबमधला ए निरोगी प्रतीच्या सी समोर येतो आणि पुन्हा कमजोर ए-सी जोडी मिळते. यासाठी दोन वेगळ्या असममित पीसीआर कराव्या लागतात, एकीत एक प्रायमर जास्त, दुसरीत दुसरा. काम थोडं वाढतं, पण दोन्ही प्रोब सारखेच चोखंदळ होतात. बफरचा पीएच ७.४ च्या आसपास राखा. आम्लता वाढली की ए वर प्रोटॉन बसतो आणि हीच ए-सी जोडी घट्ट होऊ लागते. जुन्या, नीट न तपासलेल्या बफरने घोळ होतो तो असा.

बाकीचे नियम थोडक्यात. बदललेलं अक्षर प्रोबच्या मध्यावर ठेवा, टोकाला नको. डीएनए प्रोब १५ ते १८ बेसचा पुरे. लांब प्रोब जास्त घट्ट बसतो आणि एका अक्षराची चूक पचवून टाकतो. पीएनएच्या १५ बेसच्या प्रोबमध्ये एक चूक टीएम (दोन पदर सुटे होण्याचं तापमान) सरासरी १५ अंशांनी खाली आणते, तितक्याच डीएनए प्रोबमध्ये सुमारे ११ अंशांनी. बदललेल्या अक्षराच्या जागी एलएनए (जास्त घट्ट धरणारं सुधारित अक्षर) घालणं हा मधला मार्ग आहे. म्युटेशनचं नाव लिहिताना कोणत्या ट्रान्सक्रिप्टवरून (जनुकाच्या संदर्भ क्रमावरून) अंक मोजलेत ते लिहून ठेवा. गोशे विकारातलं (पेशींत स्निग्ध पदार्थ साचण्याचा विकार) जुनं एल४४४पी आणि नवं पी.ल्यू४८३प्रो हे एकच म्युटेशन आहे, आणि यावरून चुकीचा प्रोब मागवला जाऊ शकतो.

सोन्याची चिप आपल्याच लॅबमध्ये कशी तयार करायची? आकडे द्या.

गोल सोन्याचा इलेक्ट्रोड असेल तर आधी अॅल्युमिनाने घासून घ्या. मग ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात ० ते +१.५ व्होल्ट असं मागे-पुढे फिरवा, एकावर एक वक्र बसेपर्यंत. परतताना साधारण +०.९ व्होल्टला सोन्याच्या ऑक्साइडचं टोक दिसतं. त्याखालचा विद्युतभार दर चौरस सेंटिमीटरला ३९० मायक्रोकुलंब धरून खरं क्षेत्रफळ काढता येतं. आम्लात क्लोराइड अजिबात नको. संदर्भ इलेक्ट्रोडमधून झिरपलेलं किंवा नळाच्या पाण्यातून आलेलं थोडंसं क्लोराइडही सोनं विरघळवतं. छापील पट्टीवर मात्र ही झोंबाझोंबी नको. पातळ आम्लात पाच-दहा फेऱ्या पुरतात, नाहीतर चांदीचा छापील संदर्भ बिघडतो.

प्रोबच्या एका टोकाला थायोल (सोन्याला चिकटणारा गंधकाचा गट) आणि दुसऱ्या टोकाला मेथिलीन ब्लू (विजेचा सिग्नल देणारा रंग) लावून मागवा. थायोल मोकळं करायला १०० मायक्रोमोलर प्रोबचे २ मायक्रोलिटर आणि १० मिलिमोलर टीसीईपीचे (थायोलवरचा बंध तोडणारं रसायन) ४ मायक्रोलिटर एकत्र करून अंधारात तासभर ठेवा. टीसीईपी फॉस्फेट बफरमध्ये टिकत नाही, म्हणून ते पाण्यात बनवून छोट्या भागांत गोठवा. मग प्रोब ०.२ ते ०.५ मायक्रोमोलरपर्यंत पातळ करून चिपवर एक तास. नंतर मधल्या मोकळ्या जागा भरायला १ मिलिमोलर मर्काप्टोहेक्झानॉल, पुन्हा निदान एक तास. रात्रभर ठेवलं तर थर अधिक शिस्तीत बसतो. वास उग्र आहे, फ्यूम हूडमध्येच उघडा.

मोजणी स्क्वेअर वेव्हने (व्होल्टेज टप्प्याटप्प्याने बदलून प्रवाह मोजायची पद्धत) करा: −०.१ ते −०.४५ व्होल्ट, २५ मिलिव्होल्ट उंची, सुरुवातीला २५ ते ६० हर्ट्झ. मेथिलीन ब्लूचं टोक −०.२५ ते −०.३ व्होल्टच्या आसपास येतं. आधी नुसत्या बफरमध्ये दहा-बारा स्कॅन घ्या आणि लागोपाठच्या दोन स्कॅनमधला फरक दोन टक्क्यांच्या आत आला की मगच नमुना टाका. ही पायरी गाळली तर थराची सुरुवातीची झीज ‘टार्गेट जोडलं गेलं’ अशी वाचली जाते, कारण या रचनेत जोडणी झाली की सिग्नल उतरतो. याच कारणासाठी प्रत्येक चिपवर कशाशीच न जुळणारा एक प्रोब ठेवा. तोही उतरला तर सगळा निकाल रद्द.

पीसीआरचा बँड जेलवर ठसठशीत आहे, पण चिपवर काहीच हालत नाही. का?

माल दुपदरी आहे म्हणून. जेलवर तो सुंदर दिसतो, पण प्रोबला बसायला जागा नसते. असममित पीसीआर करा (प्रायमरचं प्रमाण १:१० ते १:२०), किंवा एका प्रायमरला टोकाशी फॉस्फेट लावून लॅम्डा एक्झोन्यूक्लिएजने तो पदर खाऊन टाका. नुसतं ९५ अंशांवर पाच मिनिटं तापवून बर्फात टाकणं घाईच्या वेळी चालतं, पण पदर पुन्हा जुळत राहतात आणि आकडे रोज वेगळे येतात.

हे ठीक असेल तर तुकड्याची लांबी बघा. ८० ते १२० बेस चांगले. ४०० बेसचा एकपदरी तुकडा स्वतःवरच गुंडाळतो आणि नेमकी हवी ती जागा आत दडते. मग मीठ बघा: डीएनए प्रोबला ५ पट एसएससी (मिठाचं बफर) किंवा जवळपास १ मोलर सोडियम क्लोराइड लागतं. शेवटी प्रोबची दाटी. चिपवर प्रोब खच्चून भरले तर टार्गेटला आत शिरता येत नाही, म्हणून प्रोब निम्म्यावर आणून एकदा करून बघा.

आलेखावर दातेरी लाट दिसत असेल तर ती बहुधा ५० हर्ट्झची घरगुती वीज. चिप आणि तारा एका स्टीलच्या डब्यात ठेवून डबा अर्थ करा, बहुतेक लाट जाते.

उलट तक्रार: प्रत्येक नमुन्यात म्युटेशन दिसतं आहे.

पाणी टाकलेल्या नळीतही दिसत असेल तर प्रदूषण. पीसीआर लावायची आणि वाढलेला माल उघडायची खोली वेगळी हवी, पिपेट वेगळ्या हव्यात, डीयूटीपी आणि यूएनजी (आधीच्या पीसीआरचा सांडलेला माल नष्ट करणारी जोडी) वापरायला हवं. एका खोलीच्या लॅबमध्ये हे जमत नसेल तर लॅम्प करू नका.

पाणी स्वच्छ आणि तरीही सगळे रुग्ण ‘बाधित’ असतील तर जनुकाचा जुळा शोधा. गोशे विकाराचं जीबीए१ जनुक याचं ठळक उदाहरण आहे. त्याच्यापासून जवळच, सुमारे १६ हजार बेसवर, त्याच्यासारखाच दिसणारा निकामी स्यूडोजीन आहे, आणि भारतीय रुग्णांत सर्वांत जास्त आढळणारं एल४४४पी म्युटेशन ज्या अक्षराचं आहे ते अक्षर स्यूडोजीनमध्ये मुळातच बदललेलं असतं. प्रायमर दोन्हींना बसले तर निरोगी माणूसही वाहक दिसणार. त्यावर तोड अशी: स्यूडोजीनमध्ये एक्झॉन ९ मधला ५५ बेसचा भाग गळालेला आहे. एक प्रायमर त्या ५५ बेसमध्ये ठेवा, म्हणजे फक्त खरं जनुक वाढेल. चिप कितीही संवेदनशील असली तरी ही चूक तिला कळत नाही.

वाहक आणि बाधित यांच्यातला फरक चिपवर कसा ठरवायचा?

एका प्रोबच्या उंचीवर कधीच नको. दोन प्रोब, दोन इलेक्ट्रोड, आणि त्यांच्या सिग्नलचं गुणोत्तर; ते लॉगमध्ये मांडलं की निरोगी, वाहक आणि बाधित असे तीन घोळके वेगळे पडायला हवेत. मधे पडलेला नमुना पुन्हा डीएनए काढण्यापासून करा. जी६पीडी एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांत दोनच घोळके येतात. पुरुषाचा नमुना ‘वाहक’ आला तर नळ्यांची अदलाबदल किंवा प्रदूषण आधी तपासा.

प्रायमरच्या खालीच एखादा निरुपद्रवी बदल असेल तर एक प्रत वाढतच नाही आणि वाहक माणूस बाधित किंवा निरोगी दिसतो. म्हणून एकाच प्रकारच्या दोन प्रती आल्या की आई-वडिलांचे नमुने जोडीने तपासा.

क्रिस्पर वापरलं तर हे सगळं सोपं होईल का?

काही भाग होतो. क्रिस्पर म्हणजे डीएनएतला ठरावीक क्रम शोधून कापणारं तंत्र. दिल्लीच्या आयजीआयबी या संशोधन संस्थेत बनलेली फेलुदा चाचणी एफएनकॅस९ हे क्रिस्परचं एन्झाइम एका अक्षराची चूक ओळखतं यावरच उभी आहे. कोविडसाठी तिला सप्टेंबर २०२० मध्ये मंजुरी मिळाली. चिपवर जास्त वापरतात ते कॅस१२ए हे दुसरं एन्झाइम. टार्गेट सापडलं की ते आजूबाजूचे एकपदरी डीएनए तुकडे कापत सुटतं, आणि इलेक्ट्रोडवर मेथिलीन ब्लू लावलेले तुकडे असतील तर सिग्नल घसरतो.

अट अशी, की कॅस१२ए ला शेजारी टीटीटीव्ही (तीन टी आणि मग टी सोडून कोणतंही अक्षर) हा क्रम लागतो आणि बदललेलं अक्षर त्या क्रमापासून पहिल्या सहा-सात जागांत असायला हवं. नसेल तर पीसीआरच्या प्रायमरमधूनच तो क्रम घुसवता येतो. दुसरी गोष्ट वेळेची. निरोगी प्रतीवरही कॅस१२ए हळूहळू कापतंच. दहा मिनिटांनी फरक लख्ख असतो, तासाभराने दोन्ही नळ्या सारख्या दिसू लागतात. सिग्नल ठरावीक मिनिटाला वाचा किंवा घसरणीचा वेग मोजा.

पावसाळ्यात रक्ताचे ठिपके वाळत नाहीत. शहापूर-मुरबाडहून कार्ड येतात तेव्हा काय काळजी घ्यायची?

व्हॉटमन ९०३ सारखं कार्ड आडवं, टेबलाला ठिपका टेकणार नाही असं ठेवून तीन-चार तास वाळवायचं असतं. जुलैच्या हवेत तेवढ्याने भागत नाही. एसी किंवा डिह्युमिडिफायर असलेल्या खोलीत रात्रभर ठेवा. हेअर ड्रायर, ऊन, ओव्हन नको. ठिपका गडद तपकिरी आणि मागून-पुढून सारखा दिसला पाहिजे. मग झिपच्या पाकिटात सिलिका जेलच्या दोन पुड्या आणि आर्द्रता दाखवणारी पट्टी टाकून बंद करा. पट्टीचा रंग बदलला असेल तर पुड्या बदला. एकावर एक कार्डं ठेवताना मधे कागद घाला, नाहीतर एका बाळाचं रक्त दुसऱ्याच्या कार्डाला लागतं. डीएनए चाचणीत याला माफी नाही.

३.२ मिलिमीटरच्या एका तुकड्यात जवळपास ३ मायक्रोलिटर रक्त असतं. आधी बफरने धुऊन हीम (रक्तातलं लाल द्रव्य) काढा, मग ५ टक्के चेलेक्समध्ये (धातू पकडणारे राळेचे कण) ९५ अंशांवर १५ ते २० मिनिटं. हीम उरलं तर पीसीआर अडखळते. थोडं बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) घातल्याने मदत होते. नळीत रक्त घ्यायचं असेल तर ईडीटीए घ्या, हेपारिन पीसीआर थांबवतं. बाळाला रक्त चढवलं असेल तर तारखेसह नोंद करा, दात्याच्या पेशींचा डीएनए मिसळू शकतो.

चिपच्या पाकिटांनाही हाच नियम. फ्रीजमधून काढल्यावर पाकीट अर्धा तास बंदच राहू द्या. लगेच उघडलंत तर सोन्यावर दव धरतं आणि थेंब पसरून दोन इलेक्ट्रोड जोडले जातात.

लाइट गेली, एसी बंद झाला. निकाल ग्राह्य धरायचा का?

जोडणी आणि धुणं खोलीच्या तापमानावर करत असाल तर नाही. मे महिन्यात एसीची २४ अंशांची खोली तासाभरात ३२ च्या पुढे जाते. जुळणारा आणि न जुळणारा प्रोब यांच्यातला सगळा खेळ काही अंशांचा आहे. आठ अंशांनी दोघांपैकी खरा प्रोबही सुटू शकतो. चिप पेल्टियरच्या (विजेवर गरम-थंड होणाऱ्या) ठोकळ्यावर ±०.५ अंशात ठेवा आणि तो यूपीएसवर घ्या. पोटेन्शिओस्टॅटपेक्षा ठोकळ्याला यूपीएसची गरज जास्त आहे.

किती नमुन्यांवर पडताळणी केली की पुरे?

एक जुनी सोपी मोजदाद आहे: ‘न’ नमुन्यांत एकही चूक आली नाही, तर ९५ टक्के खात्रीने चुकीचा दर ३ भागिले ‘न’ पर्यंत असू शकतो. ६० नमुने बिनचूक आले तरी खरा दर ५ टक्क्यांपर्यंत असू शकतो. ‘शंभर टक्के अचूक’ असं लिहिण्यापूर्वी हा भागाकार करा. निरोगी, वाहक आणि बाधित असे तिन्ही प्रकार हवेत. दुर्मीळ विकारात बाधित नमुने मिळत नाहीत, तेव्हा कोरिएलसारख्या पेढीतला पेशींचा डीएनए किंवा मागवलेले कृत्रिम तुकडे वापरा. कृत्रिम तुकडे निरोगी जीनोमिक डीएनएत मिसळूनच वापरा. साध्या पाण्यातले तुकडे चिपला फार सोपे जातात.

रुग्णाला रिपोर्ट द्यायचा असेल तर किटला वैद्यकीय उपकरण नियम २०१७ लागू होतात आणि लॅबने आयएसओ १५१८९ नुसार एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता घेतलेली असावी. तोवर निकाल संशोधनापुरता ठेवा, आणि प्रत्येक पॉझिटिव्ह नमुना सँगर सीक्वेन्सिंगने पक्का करा.

पालकांचा प्रश्न: बाळाची जीन चिप निगेटिव्ह आली. आता काळजी नाही ना?

चिपवर जी म्युटेशन होती तेवढी बाळात नाहीत, इतकंच या रिपोर्टवरून कळतं. विकार नाही असं त्यावरून ठरत नाही. कोणती म्युटेशन तपासली याची यादी रिपोर्टवर असायला हवी; नसेल तर मागून घ्या. बाळ दूध सोडत असेल, सुस्त पडत असेल, वारंवार उलट्या करत असेल, झटके येत असतील तर कोणत्याही जीन रिपोर्टची वाट बघू नका. साखर, अमोनिया, लॅक्टेट, रक्तातले वायू आणि लघवीतले कीटोन या तपासण्या त्याच दिवशी व्हायला हव्यात, आणि टॅन्डम मास स्पेक्ट्रोमेट्रीचं (रक्ताच्या ठिपक्यातले चयापचयाचे घटक मोजणारी तपासणी) कार्ड त्याच वेळी पाठवलं पाहिजे. यात तासांनी फरक पडतो.

दुर्मीळ विकारांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखाली परळचं केईएम रुग्णालय उत्कृष्टता केंद्र आहे. धोरणात बसणाऱ्या विकारांसाठी अशा केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. ठाणे-नवी मुंबईतल्या कुटुंबांनी तिथे जाताना बाळाची सगळी कागदं आणि सीक्वेन्सिंगचा मूळ रिपोर्ट सोबत न्यावा.

पहिलं मूल बाधित आहे. दुसऱ्या वेळी गर्भाची तपासणी या चिपवर होईल?

नको. आई-वडील दोघे वाहक असतील तर दर गरोदरपणात मूल बाधित असण्याची शक्यता चारात एक असते, आणि निकालावर फार मोठा निर्णय अवलंबून असतो. साधारण ११ ते १३ आठवड्यांत सीव्हीएस (वारेचा छोटा नमुना घेणं) किंवा १६ आठवड्यांपासून गर्भजलाची तपासणी पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या) कायद्याखाली नोंदलेल्या केंद्रातच होते. तिथे आईच्या पेशी मिसळल्या नाहीत हेही तपासतात. चिपचा उपयोग त्याच्या आधी आहे: घरातलं म्युटेशन माहीत असेल तर नवऱ्याच्या आणि बायकोच्या भावंडांपैकी कोण वाहक आहे हे लग्नाआधी किंवा गरोदरपणाआधी कळू शकतं. गरोदर राहण्यापूर्वीच जेनेटिक काउन्सेलरला भेटा.

मलेरियाच्या गोळ्यांआधी जी६पीडीची जीन चिप करावी का?

पुनःपुन्हा उलटणाऱ्या व्हायवॅक्स मलेरियात प्रायमाक्वीन १४ दिवस देतात, आणि जी६पीडी कमी असेल तर तांबड्या पेशी फुटतात. इथे डॉक्टरांना एन्झाइमचा आकडा हवा असतो, आणि तो हातात मावणाऱ्या मीटरने बोटाच्या थेंबावर काही मिनिटांत मिळतो. जीन चिप कल्याण, मेडिटरेनियन, ओरिसा असे ठरावीक प्रकारच बघते. वाहक स्त्रीमध्ये तर जनुक सारखंच असूनही एकीचं एन्झाइम ३० टक्के आणि दुसरीचं ८० टक्के असू शकतं, कारण कोणत्या पेशीत कोणतं एक्स गुणसूत्र बंद पडेल ते जन्माआधीच वेगवेगळं ठरलेलं असतं. आधी एन्झाइम मोजा. जनुक नंतर, कुटुंबासाठी.

वापरलेल्या चिप आणि बफर कुठे टाकायचे?

रक्त लागलेलं सगळं जैववैद्यकीय कचरा नियम २०१६ नुसार ठरलेल्या रंगाच्या पिशवीत. चिप पुन्हा वापरू नका. धुऊन सिग्नल परत येतो खरा, पण रुग्णाच्या चाचणीत मागच्या नमुन्याचा अंश परवडत नाही. टेबल पुसायला १० टक्के ब्लीच चांगलं. मात्र डीएनए किटमधल्या लायसिस बफरवर ते कधीही ओतू नका. त्यात ग्वानिडिन थायोसायनेट असतं आणि ब्लीच लागताच सायनाइडसारखे विषारी वायू निघतात. त्या बफरसाठी वेगळी, ठळक नाव लिहिलेली बाटली ठेवा, आणि सांडलं तर आधी पाण्याने व डिटर्जंटने पुसून घ्या.